परतीच्या पावसात चिपाड कधी झाकायचं? ॲप बघू, उपग्रह बघू की रडार?

गुऱ्हाळ_करवीर:

नमस्कार मंडळी. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. दसऱ्याला घाणा सुरू केला. प्रश्न गुळाचा नाही, चिपाडाचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस काढल्यावर जे चिपाड राहतं तेच वाळवून आम्ही चुलवाणात, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या चुलीत, घालतो. बाहेरून लाकूड आणायचं म्हटलं तर धंदा परवडत नाही. दोन गुंठ्यांवर पसरलेलं असतं, तीन कडक उन्हं लागली की जळायला तयार. ओलं चिपाड घातलं की नुसता धूर. चुलवाणाला ताव येत नाही, आदण (कढईतला एका वेळचा रस) उतरायला वेळ लागतो आणि गूळ काळा पडतो. काळ्या गुळाला मार्केट यार्डात काय भाव मिळतो ते सांगायला नको.

परवा मंगळवारी सकाळी मोबाइलवर पाहिलं, पावसाची शक्यता २० टक्के. म्हटलं, २० म्हणजे नाहीच. दुपारी पावणेचारला पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि दहा मिनिटांत धो धो. तीन दिवसांचं वाळलेलं सगळं भिजलं. तिथून चार किलोमीटरवर माझ्या जावेचं माहेर आहे, तिथं थेंब नाही. कपडे दोरीवर वाळत होते म्हणे.

चित्रा नक्षत्र अजून आठ दिवस आहे. चिपाड गोळा करून ताडपत्री टाकायला चार बायकांना दीड तास लागतो. म्हणजे दुपारी दोनपर्यंत मला ठरवावं लागतं. उपग्रहाचा फोटो, रडार, सगळं आता मोबाइलवर दिसतं असं ऐकते, पण उघडलं की नुसते रंग. कुठली गोष्ट किती वाजता बघायची आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कुणी नीट सांगेल का?

कागलचा_जुना_निरीक्षक:

ताई, वायुसेनेत हवामान विभागात एकवीस वर्षं काढली. विमान सोडायचं की थांबवायचं हे सांगणं हेच काम होतं. आता कागलला घरी आहे, गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलाय, रोज सकाळी साडेआठला मोजतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही ‘पाऊस येणार का’ असं विचारलं नाही, ‘दोन वाजेपर्यंत काय बघू’ असं विचारलं. अंदाजाचा उपयोग तिथूनच सुरू होतो.

आधी त्या २० टक्क्यांबद्दल. २० म्हणजे ‘नाही’ नव्हे. अंदाज खरा असेल तर अशा पाच दिवसांत एक दिवस तुमच्याकडं पाऊस पडेल, चार दिवस पडणार नाही. मंगळवार हा तो एक दिवस होता, म्हणून अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. चिपाड झाकायला किती खर्च येतो आणि भिजलं तर किती जातं, हे तुम्ही सांगा. समजा झाकायला ५०० रुपये आणि नुकसान ६,००० रुपये. ५०० हा ६,००० चा बारावा भाग, म्हणजे साधारण ८ टक्के. शक्यता ८ च्या वर गेली की झाकलेलं स्वस्त पडतं. मग २० टक्के ही तुमच्यासाठी मोठी शक्यता झाली. हाच आकडा लग्नाचा मांडव घालणाऱ्याला वेगळा आणि भात कापणाऱ्याला वेगळा. तुमचा आकडा तुम्हीच काढायचा, ॲप काढून देणार नाही.

आता जावेच्या माहेरी थेंब का नाही. जून-जुलैचा पाऊस शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात एकदम येतो. ऑक्टोबरचा तसा नाही. पश्चिमेचे वारे ढिले पडलेले, ईशान्येकडून वारं सुरू होतंय, जमिनीत चार महिन्यांची ओल आहे आणि दुपारचं ऊन कडक. जिथं खालची गरम, दमट हवा वर फुटते तिथं ढगाचा एक मनोरा उभा राहतो, दहा-बारा किलोमीटर उंच, पण बुंध्याशी पाच-सात किलोमीटर रुंद. त्याच्याखाली आलात तर भिजलात. एकट्या मनोऱ्याचं आयुष्य अर्धा-पाऊण तास. तो पडताना थंड हवेचा झोत खाली सोडतो आणि तो झोत पुढं जाऊन दुसरा मनोरा उठवतो. सकाळी सहाला जगातला कुठलाही संगणक सांगू शकत नाही की तो तुमच्या गुऱ्हाळावर फुटेल की शेजारच्या शिये गावात. आपल्या हवामान खात्यानं मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही संगणकावरची अंदाजाची नवी पद्धत सुरू केली, तिच्या जाळीचा एक चौकोन ६ किलोमीटरचा आहे. आधी १२ चा होता. सुधारणा मोठी आहे, पण तुमची दोन गुंठे जमीन त्या चौकोनात कुठं शोधणार? म्हणून सकाळचा अंदाज दिवस कसा आहे एवढंच सांगतो. जागा आणि वेळ हवी असेल तर जे घडतंय ते डोळ्यांनी बघावं लागतं.

सकाळी जिल्ह्याचा अंदाज वाचा. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द असतो, त्याला माप आहे. जिल्ह्यातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत. आणि कोल्हापूर व कोल्हापूर घाट यांचे इशारे वेगळे निघतात, हे लक्षात ठेवा. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि शिरोळला ५०० च्या आसपास, मध्ये अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. घाटाचा ऑरेंज इशारा वाचून करवीरात घाबरायचं कारण नाही.

अकरा-साडेअकराला उपग्रहाचं चित्र उघडा. आपले इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस ३६,००० किलोमीटरवरून बघतात, एकेकाचं चित्र अर्ध्या तासानं येतं. दिवसा ‘व्हिजिबल’ (उजेडात डोळ्यांना दिसेल तसं चित्र) घ्या, त्यात १ किलोमीटरपर्यंतचं दिसतं. इन्फ्रारेडमध्ये ४ किलोमीटर. सांगली, जत, अथणी, चिकोडी या बाजूला बघा. भाताच्या लाह्या सांडल्यासारखे बारीक ढग असतील तर अजून काही नाही. बाराच्या चित्रात त्यातली एखादी लाही शेजारच्यांना गिळून मोठी झाली आणि तिच्या कडा कोबीसारख्या टणक दिसल्या, तर तिथं मनोरा उठतोय. मग इन्फ्रारेड बघा. त्यात ढगाच्या डोक्याचं तापमान दिसतं, जितकं थंड तितकं पांढरं, आणि थंड म्हणजे उंच.

इथं नवीन माणूस फसतो. पांढरं म्हणजे पाऊस असं धरून बसतो. मनोरा वर जाऊन पसरतो, ऐरणीसारखा, आणि ते पसरलेलं पातळ बर्फाचं छत शंभर किलोमीटर पुढं वाहत जातं. इन्फ्रारेडमध्ये ते पांढरंशुभ्र, पण त्याच्याखाली नुसती सावली. व्हिजिबलमध्ये तेच छत धुरकट, पारदर्शक दिसेल. दोन्ही चित्रांत ठळक असेल तोच खरा.

चित्रावरची वेळ बघायला विसरू नका. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवायची. साडेआठ लिहिलंय म्हणजे आपले दुपारचे दोन. सकाळचं चित्र समजून बाजूला सारणारे मी भरपूर पाहिलेत.

दीडनंतर रडार. आपल्याला पणजीचं जवळ पडतं, कोल्हापूर तिथून सरळ रेषेत साधारण १४० किलोमीटर. सोलापूरचं दोनशेच्या पुढं. रडार लहर सोडतो, थेंबावर आपटून परत येते ती मोजतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर परतणारी लहर चौसष्ट पट होते, म्हणून मोठे टपोरे थेंब आणि गारा त्याला फार ठळक दिसतात. रंगांच्या पट्टीवर डीबीझेड लिहिलेलं असतं, ते परतलेल्या लहरीच्या जोराचं माप. २० च्या खाली बहुतेक जमिनीपर्यंत पोचत नाही, ३५-४० ला चांगली सर, ५० च्या वर गेलं की गारा किंवा ढगाचं पोट फाटलंय असं समजा. ‘मॅक्स झेड’ नावाचं चित्र घ्या. त्याच्या वरच्या आणि उजव्या कडेला ज्या पट्ट्या असतात त्यात ढगाची उंची दिसते. ही पट्टी कुणी बघत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची तीच. जोरदार गाभा, म्हणजे ढगातला सगळ्यात ठळक रंगाचा भाग, पाच-सहा किलोमीटरच्या वर चढलेला दिसला की तो ढग अजून पडायचा आहे.

दोन चित्रं दहा-वीस मिनिटांच्या अंतरानं घ्या आणि गाभा किती सरकला ते बोटानं मोजा. मिरजेवर असलेला गाभा वीस मिनिटांत आठ किलोमीटर पश्चिमेला आला तर ताशी चोवीस. मिरज ते कोल्हापूर सरळ रेषेत पंचेचाळीस. म्हणजे पावणेदोन तास हातात, तुमचं चिपाड आवरून पंधरा मिनिटं उरतात. इचलकरंजीवर दिसला तर एक तासही नाही, तेव्हा आवरायला घेऊ नका, नुसती ताडपत्री ओढा.

चिखलीची_लेक:

काका म्हणतात ते ऑक्टोबरला ठीक असेल, पण रडारवर एवढा भरवसा ठेवायला माझं मन तयार नाही. माझं माहेर पंचगंगेकाठचं प्रयाग चिखली. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली, २०२१ ला छप्पन्नच्या वर. दोन्ही वेळा घरातलं सामान माळ्यावर टाकून जनावरं घेऊन बाहेर पडलो. २०२१ च्या जुलैत मी रात्रभर मोबाइलवर रडार बघत होते. राधानगरी, गगनबावडा या बाजूला फिकट हिरवा, निळा रंग, लाल कुठंच नाही. मला वाटलं आता उतरेल. आणि दर तासाला पाणी चढतंच होतं. आईनं शेवटी मोबाइल हातातून काढून घेतला आणि म्हणाली, नदीकडं बघ. आम्ही लहानपणापासून ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे पाढ्यासारखं पाठ केलंय. मग त्या रंगांचा उपयोग काय?

कागलचा_जुना_निरीक्षक:

तुमच्या आईचं बरोबर होतं, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं.

रडारची सगळ्यात खालची लहरसुद्धा जमिनीला समांतर जात नाही. साधारण अर्धा अंश वर तोंड करून निघते आणि पृथ्वी खाली वाकत जाते. पणजीहून निघालेली लहर गगनबावड्यावर येते तेव्हा तिचा मध्य पावणेदोन-दोन किलोमीटर उंच असतो, कोल्हापुरावर जवळजवळ अडीच. शिवाय ती पसरते, आपल्यापर्यंत येताना तिची जाडीच अडीच किलोमीटरच्या घरात जाते. ऑक्टोबरचा मनोरा बारा किलोमीटरचा, तो तिला चुकवू शकत नाही. जुलैत घाटावर वेगळंच चालतं. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीवर आपटून वर चढते आणि तिथंच, बुटक्या ढगांतून, बारीक पण दाट थेंबांनी पडत राहते. दिवसभर, रात्रभर. पाण्याचा मोठा वाटा लहरीच्या खाली तयार होतो. जे वर दिसतं तेही बारीक थेंबांचं, आणि बारीक थेंबाची लहर किती क्षीण येते ते वर सांगितलंच. म्हणून रंग फिकट आणि पर्जन्यमापकात २०० मिलिमीटर.

उपग्रहही तिथं तसाच फसतो. बुटका ढग म्हणजे डोकं गरम, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये करडा. वरून बघणाराही त्याला किरकोळ समजतो आणि बाजूनं बघणाराही.

तेव्हा माझं म्हणणं असं: घाटाच्या पावसाला जून ते सप्टेंबर पर्जन्यमापकाचे आकडे आणि नदीची पातळी, हीच निरीक्षणं. महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, धरणांवरचे आकडे रोज जाहीर होतात. पंचगंगेला पाणी देणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, या चौघींच्या खोऱ्यात काल किती पडला ते बघा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, ती बातमी रडारच्या लाल रंगापेक्षा चिखलीला जास्त महत्त्वाची. फिकट रंग बघून ‘उतरेल’ असं कधीही धरू नका. तुम्ही त्या रात्री जे सोसलंत ते वाचून वाईट वाटलं. रडार खोटं बोलत नव्हता, त्याला दिसत नव्हतं, आणि हे कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

गुळव्याचा_नातू:

माझे आजोबा गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर होते, चाळीस वर्षं काहिलीसमोर (रस उकळायच्या मोठ्या कढईसमोर). रडारातलं मला कळत नाही, चिपाडातलं थोडं कळतं. ताई, दोन गुंठ्यांवर सलग पसरू नका. आजोबा चार तुकडे करायचे. पूर्ण वाळलेलं चुलवाणाजवळच्या तुकड्यात, आजचं ओलं सगळ्यात लांब. पाऊस दिसला की फक्त वाळलेल्या तुकड्यावर धावायचं. ओलं भिजलं तर काय बिघडलं, ते ओलंच होतं. दीड तासाचं काम पंचवीस मिनिटांवर येतं. आणि जळव्याला (चुलवाणात जळण घालणाऱ्याला) सांगून ठेवा, आभाळ फिरलं की आधी एका आदणाचं जळण शेडमध्ये ओढून घे.

गुऱ्हाळ_करवीर:

काका, हिशेब केला. मजुरीचे ५०० बरोबर, नुकसान ६,००० पण बरोबरच म्हणायचं. पण एक खर्च तुम्ही धरला नाही. दोनला झाकलं की तीन तासांचं ऊन जातं. दुसऱ्या दिवशी जळण कमी पडतं, मग साधारण ७०० रुपयांचं लाकूड आणावं लागतं. रोज झाकत बसलं तर चिपाड वाळणार कधी?

तुकडे करायची कल्पना आमच्या सासऱ्यांनीही पूर्वी केली होती असं आज कळलं. उद्यापासून तसंच करतो.

कागलचा_जुना_निरीक्षक:

हा खर्च धरायलाच हवा. ५०० आणि ७०० मिळून १,२००. ६,००० चा पाचवा भाग. म्हणजे तुमची रेघ ८ वरून थेट २० टक्क्यांवर आली आणि मंगळवारचा अंदाज नेमका त्या रेघेवर होता. अशा दिवशी सकाळी ठरवूच नका. नातवानं सांगितल्याप्रमाणे काम पंचवीस मिनिटांचं झालं तर तुम्हाला दोनला ठरवायची गरजच नाही, गाभा इचलकरंजी-हातकणंगल्यापर्यंत आलेला बघून सुद्धा वेळ मिळतो. जितकं उशिरा ठरवाल तितकी लाकडाची खरेदी कमी. आवरण्याचा वेळ कमी करणं हे अंदाज सुधारण्याइतकंच मोलाचं आहे, आम्ही विमानतळावर हेच करायचो.

एक कळकळीची विनंती. त्या चार बायका उघड्यावर असतात. वीज चमकली आणि आवाज यायला तीस सेकंदांच्या आत वेळ लागला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. चिपाड राहू दे, सगळ्यांना पक्क्या घरात घ्या. पत्र्याच्या उघड्या शेडखाली किंवा झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, जवळ वीज पडत असेल तर ते सांगतं. ते मात्र आजच घ्या. यात टक्के आणि खर्च मोजायचे नसतात.

गुऱ्हाळ_करवीर:

नऊ दिवसांनी लिहिते. मध्ये गुळाची घाई होती.

चार तुकडे केले. दामिनी माझ्या आणि जळव्याच्या मोबाइलवर आहे. नऊ दिवसांत तीनदा आवरलं, दोनदा पाऊस आला.

शुक्रवारचं सांगते. साडेबाराच्या व्हिजिबलमध्ये जतच्या बाजूला एक कोबी दिसला, कडा अगदी टणक. दीडला रडारवर तिथं पिवळा, कडेच्या पट्टीत उंची आठच्या आसपास. बोट ठेवून मोजत बसले. दोन-वीसला मिरजेजवळ. मिस्टर म्हणाले आवरूया, मी म्हटलं थांबा. पावणेतीनला बघितलं तर मिरजेचा फिका पडला होता आणि त्याच्या पुढं, हातकणंगल्याच्या अलीकडं, नवाच एक उठला होता. काका, तुम्ही लिहिलेला तो थंड हवेचा झोत, तोच असणार. तेव्हा मात्र धावलो. तीन-दहाला ताडपत्रीचा शेवटचा दगड ठेवला आणि बायकांना घरात घेतलं. वारा सुटला, धूळ उडाली, आणि तीन-वीसला आला. ओला तुकडा भिजला, वाळलेला वाचला. त्या रात्रीच्या आदणाचा गूळ पिवळाधमक उतरला.

सोमवारी आवरलं आणि काहीच आलं नाही, तो वडगावच्या अंगानं गेला. त्या दिवशी लाकूड आणलं.

आणि पर्जन्यमापक घेतला. प्लॅस्टिकचाच, शेडपासून लांब, मोकळ्यावर रोवलाय. शनिवारी सकाळी साडेआठला मुलीनं वाचला, १४ मिलिमीटर. जावेच्या माहेरीही एक द्यायचा विचार आहे, म्हणजे चार किलोमीटरचा फरक आकड्यात कळेल. काका, आमचा रोवलाय तिथं दुपारनंतर घराची सावली पडते, पण पाऊस अडत नाही. चालेल का, की आणखी लांब न्यायचा?

कागलचा_जुना_निरीक्षक:

सावलीनं बिघडत नाही, भिंतीनं बिघडतं. भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब रोवा, चौपट जमलं तर उत्तम. आणि शून्य असेल त्या दिवशीही वहीत ० लिहायला सांगा, रकाना मोकळा सोडू नका.